न धुतलेलं लुगडं

उज्वलाची रजा रविवारी संपणार होती, आणि तिच्या नयनचं काय करायचं ते तिच्या सासऱ्यांनी, ताराचंदजींनी ठरवायचं होतं.

असं काही ठरवायचं काम त्यांच्या वाट्याला आयुष्यात फारसं आलं नव्हतं. सेलूच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं. तिथे कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात हे आधीच ठरलेलं होतं, आणि घरातलं सगळं ठरवायला बायको, मनकर्णाबाई होत्या. मुलाची, वैभवची शाळा, घराचा रंग, सून कुठली करायची, सगळं त्यांनी ठरवलं आणि ताराचंदजींनी चष्मा पुसत "बरं" म्हटलं. तीन वर्षांपूर्वी मनकर्णाबाई गेल्या. तरी अजूनही कुणी काही विचारलं की ते उत्तर द्यायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत.

नयन सव्वादोन वर्षांची होती. उज्वला कृषी सहायक. तिच्याकडे हिंगणीच्या बाजूची गावं होती. सकाळी स्कुटीवर निघाली की सहाच्या आत परत येणं नाही. वैभव बुटीबोरीच्या कंपनीत, त्याच्या शिफ्टचा नेम नाही. दिवाळीपर्यंत उज्वलाची आई, कौशल्याबाई, गिरडहून येऊन राहिली होती. मग तिच्या शेतात तुरीचं काम निघालं आणि ती गेली. जाताना म्हणाली, "पोट्टीले माह्याकडे पाठवून द्या. शाळेत घालाच्या वक्ताले आणून घेजा."

म्हणजे तीन वर्षं. सेलूहून गिरड काही लांब नाही, पण जामला गाडी बदलावी लागते आणि ताराचंदजींचे गुडघे बसच्या पायऱ्यांना घाबरत. तीन वर्षांत नयन त्यांना विसरून जाईल, हा हिशेब त्यांनी मनात केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता.

"माझं म्हणणं, घरी बाई ठेवू," वैभव जेवताना म्हणाला. "पंचफुलाबाई तयार आहे. बाबा घरी आहेतच. लक्ष राहीन."

"अन् मामाजी पुस्तकात गेले तं?" उज्वला बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ताराचंदजींनी ताटातली पोळी उगाच दुमडली. ती काय म्हणते ते सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी उज्वला तालुक्याच्या बैठकीला गेली होती. नयन अंगणात खेळत होती, ते पायरीवर बसून वाचत होते. एक प्रकरण संपवून त्यांनी मान वर केली तर फाटक उघडं. नयन रस्त्यावर थेट चौकापर्यंत गेली होती. आलुबोंडेवाल्याने तिला कडेवर घेऊन आणलं. तिच्या हातात त्याने दिलेला आलुबोंडा होता आणि ती खुशीत होती. ताराचंदजी मात्र त्या दिवसापासून तिच्याबरोबर एकटे राहायला नको म्हणत.

"सॉरी मामाजी," उज्वला म्हणाली.

"खरं तेच बोललीस."

"मग तुमीच पाहा ना. दोन दिवस पंचफुलाबाईले घरी बोलावते. दोन दिवस तुमी नयनसोबत रुख्माबाईच्या पाळणाघरात बसा. तुमी सांगाल तसं करू. कुठंच नाई जमलं, तं रविवारी आई येतेच आहे."

"मी?"

"तुमच्याइतकं बारीक कोण पाहते या घरात? दुधाच्या थैलीवरची तारीखबी दोनदा वाचता तुमी."

वैभव हसला. ताराचंदजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे गॅसची टाकी होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी बालसंगोपनावरची दोन पुस्तकं आणली. एका पुस्तकात मुलाला घरचं वातावरण किती गरजेचं ते पानोपानी सांगितलं होतं, दुसऱ्यात बरोबरीच्या मुलांची संगत. दोन्ही पुस्तकं त्यांना पटली. त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

पंचफुलाबाई मंगळवारी नऊला आली ती चप्पल काढता काढताच बोलत. "कोणती आहे ते नयन? हे काय? हे तं माही मैना आहे." नयनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. त्यानंतर दोन दिवस ती जमिनीवर उतरली ती फक्त झोपायला आणि पाटावर बसायला. पंचफुलाबाई तिला कडेवर घेऊन कपडे वाळत घालायची, कडेवर घेऊन डाळ निवडायची, कडेवर घेऊन शेजारणीशी भांडायची. नयनने पाण्याकडे नुसतं पाहिलं तरी पेला तोंडाशी यायचा. पंचफुलाबाईची स्वतःची मुलं मोठी होऊन पुण्याला गेली होती. ती नयनच्या केसांत तेल घालायची तेव्हा तिच्या तोंडाकडे ताराचंदजींना बघवत नसे, इतका जीव होता त्यात.

"काकाजी, वाचा ना तुमी," ती म्हणायची. "मी आहे ना."

पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, पण दोन दिवसांत एक पान उलटलं नाही. खोट शोधायची म्हणून ते बसले होते आणि खोट सापडत नव्हती. बुधवारी संध्याकाळी त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. बाई चांगली आहे, नयन डोळ्यांसमोर राहील, दुपारी तिच्या झोपेचा श्वास घरात ऐकू येईल. आता पाळणाघरात जायचं ते उज्वलाला शब्द दिला म्हणून.

रुख्माबाईचं पाळणाघर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पाटी नव्हती. दोन खोल्या, शहाबादी फरशी, पुढे अंगण आणि त्यात बदामाचं एक झाड. रुख्माबाईचं घर भाजीपाला करणाऱ्यांचं; नवरा कवडू अजून शेतावर वांगी-टमाटे करायचा. वीस वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी भाजी विकायला बसणाऱ्या बाया आपली लेकरं तिच्या अंगणात सोडून जायच्या. कुणी बदल्यात कोथिंबिरीची जुडी द्यायचं, कुणी काहीच नाही. मग एका मास्तरणीने आपला मुलगा रोज आणून सोडला, मग दवाखान्यातल्या नर्सने. आता चौदा लेकरं होती, सहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची. रुख्माबाईच्या हाताखाली तिची एक भाची होती.

गुरुवारी ताराचंदजी नयनला घेऊन गेले आणि दारालगतच्या खुर्चीत बसले. नयन त्यांच्या धोतराला धरून उभी राहिली. कुणी तिला उचललं नाही, कुणी मैना म्हटलं नाही. हे काही बरं नाही, असं त्यांना वाटलं.

मग हळूहळू त्यांना एकेक दिसू लागलं.

रुख्माबाई आत चुलीपाशी खिचडी ढवळत होती, पाठ दाराकडे. मागे न बघता ती म्हणाली, "ओमप्रकाश, खाली उतर." ताराचंदजींनी पाहिलं तर खरोखर एक दोन वर्षांचा मुलगा खिडकीच्या गजाला धरून वर चढत होता. थोड्या वेळाने, "काजल, त्याचं बोट दाबून राह्यलं दारात." दाराच्या फटीजवळ एका रांगत्या पोराचा हात होता, आणि काजल नावाची पावणेतीन वर्षांची मुलगी तो बाजूला करत होती. रुख्माबाईने तेव्हाही मान वळवली नव्हती.

"तुम्हाला कसं कळतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काय कसं?"

"न बघता."

रुख्माबाईने जरा विचार केला. तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "आवाज असते ना जी ज्याचा त्याचा. चढाचा येगळा, पडाचा येगळा. अन् कोणाचाच आवाज नसन, तं मंग पाहाच लागते."

एकतीस वर्षं त्यांनी वाचनकक्षात शांतता राखली होती. शांततेची भीती वाटावी, हे त्यांना नवीन होतं.

जेवायच्या वेळी रुख्माबाईने एका मोठ्या परातीत खिचडी ओतली आणि मधे बसली. मोठी लेकरं परातीभोवती बसली, आपापल्या हाताने खाऊ लागली. लहानांना ती भरवत होती, एक घास याला, एक घास त्याला, एकाच हाताने. नयन आजोबांचं धोतर सोडून एक पाऊल पुढे गेली, मग दुसरं. परातीजवळ जाऊन बसली. रुख्माबाईने तिच्या तोंडात घास घातला आणि त्याच बोटांनी पुढचा घास ओमप्रकाशला दिला. ओमप्रकाशने तो खाल्ला.

ताराचंदजी बघतच राहिले. खोलीत कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. कुणाचंच लक्ष नाही, याकडेच ते बघत होते.

दुपारी निघताना रुख्माबाई म्हणाली, "उद्या दिवसभर ठेवजा तिले. अन् झोपाले तिच्या मायचं एक लुगडं आणजा, अंगावरचं. जसं असन तसं."

इथली रीतच तशी होती. प्रत्येक लेकराला निजायला त्याच्या आईचं नेसतं लुगडं. घडी करून भिंतीलगत चौदा ओळीने ठेवलेली होती.

ताराचंदजींनी घरी येऊन उज्वलाकडून एक जुनी सुती साडी मागून घेतली. तिने आदल्या दिवशी नेसलेलीच काढून दिली. ती त्यांनी हातात घेतली, आणि त्यांना काही ती तशी नेता येईना. कॉलरला डाग असलेला सदरा घालून ते कधी कॉलेजात गेले नव्हते. लग्नाकार्यात शेजाऱ्यांना डबा पाठवायचा तर मनकर्णाबाईंनी घासलेला डबा ते पुन्हा एकदा घासत. त्यांनी साडी साबणाने धुतली. मग पुन्हा धुतली. मग डेटॉलच्या पाण्यातून काढली, गच्चीवर वाळवली आणि संध्याकाळी चौकात नेऊन इस्त्री करून आणली.

"मामाजी, जुनीच तं साडी आहे," उज्वला म्हणाली.

"असू दे. आपल्या घरातून जाते आहे."

शुक्रवारी दुपारी एक वाजता रुख्माबाईने खिडक्या लोटल्या. लेकरं आपापलं लुगडं ओढत आली. भाचीने पसरून दिलं त्यावर ज्याने त्याने अंग टाकलं, कुणी पदर तोंडाशी घेतला, कुणी नाक खुपसलं. कुणी गाणं म्हटलं नाही, थोपटलं नाही. दहा मिनिटांत खोलीत नुसता श्वास राहिला. चौदा लेकरांचा श्वास, कुठे घरघरता, कुठे अगदी बारीक, आणि मधूनच सगळ्यांचा एकदम. ताराचंदजींनी खुर्चीत पाय वर घेतले, जणू जमिनीला धक्का लागला असता.

मग नयन उठून बसली.

तिने साडीला नाक लावलं होतं. तिने पुन्हा लावलं. साडी हाताने उलटी करून दुसरीकडे हुंगून पाहिलं. मग तिचा ओठ वाकडा झाला आणि ती "आई" म्हणून रडायला लागली, आधी हळू, मग गळा काढून. एक उठला, दुसरा उठला. पाळण्यातलं सहा महिन्यांचं बाळ कळवळलं.

रुख्माबाई आली, खाली बसली, साडीचा पदर उचलून नाकाशी नेला.

"काकाजी, हे धुतलं काय जी?"

"धुतलं."

"किती खेपा?"

"दोनदा," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीनदा."

"अन् इस्त्री?"

त्यांनी मान हलवली.

रुख्माबाई रागावली नाही. तिने साडीवरून हात फिरवला, कापड चांगलं आहे असं बघावं तसा. "लय सोच्छ केलं तुमी. यात आता तिची मायच नाई राह्यली."

ते उठले. "मी घेऊन जातो तिला. बाकीच्यांची झोप मोडते आहे. चूक माझीच."

"बसा जी," ती म्हणाली. "तुमी उचललं तं तिले रोज तेच वाटन, का रडलं का घर. लेकराइले पाहू द्या."

"लेकरं काय पाहतील?"

रुख्माबाईने फक्त पाळण्याची दोरी हातात घेतली.

उठलेल्यांपैकी काजल बसून नयनकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, मोठी माणसं आजारी माणसाकडे बघतात तशी. मग ती आपल्या लुगड्यावरून भिंतीकडे सरकली. पूर्ण नाही, अर्ध्यावर. उरलेल्या अर्ध्यावर तिने हाताने दोनदा थोपटलं. ते लुगडं फिकट हिरवं होतं, काठ विरलेला, आणि त्याला मातीचा आणि मेथीचा वास होता. तो ताराचंदजींना खुर्चीतही येत होता. नयन रडत होती. काजलने पुन्हा थोपटलं. नयन थांबली, हुंदका गिळला, रांगत गेली आणि त्या अर्ध्या लुगड्यावर पडली. तिने नाक खुपसलं. तो तिच्या आईचा वास नव्हता. पण कुणाच्या तरी आईचा होता, आणि तेवढं तिला पुरलं.

पाच मिनिटांत दोघी झोपल्या होत्या. काजलचा पाय नयनच्या पोटावर होता.

ताराचंदजी खुर्चीत पुढे वाकले. हे कुणी शिकवलं होतं त्या मुलीला? रुख्माबाईने तर नाही. ती पाळण्याची दोरी ओढत होती. पावणेतीन वर्षांच्या डोक्यात हे आलं कुठून, किती आत असतं हे, आणि मोठं होताना जातं कुठे? आयुष्यभर त्यांनी माणसांविषयी वाचलं होतं. वाचून जे कळलं नव्हतं ते समोर फरशीवर तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

आणि त्यांना आई आठवली.

नागपूरला धम्मदीक्षा झाली त्या वर्षी ताराचंदजी दोन वर्षांचे होते. आई लोकांच्या वावरात तण निंदायला जायची आणि त्यांना बांधावर बाभळीच्या सावलीत ठेवायची. एके दिवशी मालकीणही वावरात आली होती. तिने आपलं एक लुगडं घडी करून सावलीत ठेवलं होतं. ते लुटुलुटु चालत गेले आणि त्यावर झोपले. मालकिणीने पाहिलं. तिने त्यांच्या आईकडून ते लुगडं नाल्यात धुवून घेतलं. एकदा नाही, तीनदा. आणि मग ते ओलं लुगडं घरी न नेता बोरीच्या झुडपावर टाकून निघून गेली. आईने ही गोष्ट त्यांना एकदाच सांगितली होती, ते कॉलेजात चिकटले तेव्हा, आणि सांगताना ती हसत होती. "लुगडं चांगलं होतं," ती म्हणाली होती. "म्या आणलं घरी. दोन वर्सं तुले त्यातच गुंडाळलं."

तीनदा, ताराचंदजींच्या मनात आलं. काल गच्चीवर साडी पिळताना हे त्यांना आठवलंही नव्हतं. हातांना आठवलं असावं.

पाच वाजल्यापासून लेकरांच्या आया येऊ लागल्या. काजलची आई, रंजिता, रिकामी टोपली घेऊन बाजारातून आली. तिशीची असेल, ओढणीसारखा पदर गुंडाळलेला, पायाला वाळलेला चिखल. ताराचंदजी तिच्याकडून कित्येकदा पालक घेत आले होते आणि तिचं नाव त्यांना आज कळत होतं. तिने हिरवं लुगडं उचललं आणि तिचा हात थांबला.

"हे ओलं काऊन व?"

ताराचंदजी उठून उभे राहिले.

"पाहुणीनं शू केली," रुख्माबाई म्हणाली. "तुह्या पोरीनं अर्धी जागा देल्ली तिले. हे नयन. काकाजीची नात."

"मी धुवून देतो," ताराचंदजी म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू निघाला. "उद्या सकाळी आणून देतो, धुवून."

रंजिताने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "कायले जी? एक कोपरा तं आहे. तेवढा खंगाळीन. सारं धुतलं तं काजल उद्या झोपन कशी?" तिने लुगडं गोळा करून टोपलीत टाकलं आणि नयनच्या गालाला बोट लावलं. "अन् तुह्या आजोबाले सांगजो, पालक घेताना लय निवडतेत म्हणा."

ती गेली. काजल तिच्या मागे टोपलीचा काठ धरून गेली. गल्लीच्या वळणापर्यंत ताराचंदजी त्या टोपलीकडे बघत होते. आत लुगडं होतं, ओला कोपरा वर आला होता, आणि ते एका घरात चाललं होतं.

त्या रात्री वैभवने विचारलं, "मग काय ठरवलं बाबा?"

"पाळणाघर."

"पंचफुलाबाईत काय खोट आहे?"

"काही नाही. फार चांगली बाई आहे."

"मग? ती दिवसभर नयनले खाली ठेवत नाही. तिथं चौदा लेकरं. कोण पाहीन हिच्याकडे?"

एरवी इथे ते "बरं" म्हणाले असते. या वेळीही शब्द ओठांपर्यंत आला. "पंचफुलाबाई तिला काही कमी पडू देणार नाही," ते म्हणाले. "मला ते दिसलं. पण..." आणि पुढचं वाक्य सापडेना. दोन्ही पुस्तकांत ते नव्हतं. मग त्यांनी वाक्य शोधायचं सोडलं आणि घडलं ते सांगायला लागले. डेटॉल सांगितलं, काजलने थोपटलेली जागा सांगितली, रंजिताची टोपली सांगितली. आणि मग, थांबता न आल्यामुळे, बोरीच्या झुडपावरचं लुगडंही सांगितलं. वैभव चाळीस वर्षांचा होता. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं.

त्याने ताट बाजूला सारलं. "आजीनं मले कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मी पण नाही सांगितलं."

उज्वलाने ताटं उचलली. "मामाजी, मग सोमवारी कोणती साडी देऊ?"

"जी त्या दिवशी अंगावर असेल ती," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही."

पण रविवारी कौशल्याबाई गिरडहून आली ती नयनची कपड्यांची पिशवी भरायच्या तयारीनेच. तिने सगळं ऐकून घेतलं. "चौदा लेकराइत एक," ती म्हणाली. "पाहा बाप्पा. उद्याचा दिवस मी थांबते. संध्याकाळी पोट्टी घ्याले मी येईन तुमच्यासंगं. रडून डोळे सुजलेले दिसले, तं साडेसहाच्या गाडीनं मी तिले घेऊन चालली. मंग कोणी मले अडवू नका."

ती चुकीचं बोलत नव्हती.

सोमवारी सकाळी उज्वला हिंगणीला गेली. ताराचंदजींनी नयनला रुख्माबाईच्या दारात सोडलं. ती आत जाताना रडली. ते दारातच उभे राहिले.

"आता जा जी," रुख्माबाई म्हणाली. "तुमी इथं उभे राहाल तवरिक ते तुमचीच राहीन."

ते घरी गेले. दिवसभर त्यांनी काही वाचलं नाही. आपण चुकलो असू, असं दुपारी दोनच्या सुमारास त्यांची खात्रीच पटली. पंचफुलाबाई होती, घर होतं, काय अडलं होतं? एका लेकराने एकदा जागा दिली यावर माणूस एवढं ठरवतो? नयन आता रडून बसली असेल. साडेसहाची गाडी. जामला बदल. तीन वर्षं. समोर कौशल्याबाई तांदूळ निवडत होती आणि नयनच्या कपड्यांची भरलेली पिशवी दाराशी होती.

साडेपाचला दोघं निघाली. गल्लीत शिरताना कौशल्याबाईने कान दिला. आतून एका लेकराचं रडणं येत होतं, खोल, थांबून थांबून. कौशल्याबाईने पाऊल उचललं आणि ताराचंदजींच्या आधी फाटक लोटलं.

रडत होतं ते दुसरंच. दहा महिन्यांचं असेल. त्याची आई त्याला आज पहिल्यांदाच सोडून गेली होती. झाडाखाली चटईवर त्याला बसवलं होतं आणि समोर नयन उकिडवी बसली होती. जानेवारीत बदामाची पानं लाल होऊन गळतात. अंगणभर ती पडलेली होती. नयन उठायची, एक पान निवडायची, दोन्ही हातांनी उचलून आणायची आणि बाळाच्या मांडीवर ठेवायची. बाळ रडणं थांबवून पानाकडे बघायचं. मग पुन्हा सुरू करायचं. नयन पुन्हा उठायची. त्याच्या मांडीवर पानांचा ढीग झाला होता, यावरून हे बराच वेळ चाललेलं होतं. रुख्माबाई पायरीवर लसूण सोलत होती, पाठ तिकडे.

नयनने मान वर केली. "आबा," ती म्हणाली. आजीलाही पाहिलं. पण ती आली नाही. तिच्या हातात पान होतं. ते तिने आधी पोचवलं, बाळाकडे वाकून पाहिलं, आणि दुसरं आणायला झाडाच्या पलीकडे गेली.

कौशल्याबाई फाटकापाशी तशीच उभी होती. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"विहीणबाई, तुमची गाडी," ताराचंदजी हळूच म्हणाले.

"जाऊ द्या जी. सकाळी आहे दुसरी."

ती पायरीवर रुख्माबाईजवळ जाऊन बसली आणि न विचारता लसणाची एक गड्डी उचलून सोलायला लागली. ताराचंदजींनी चपला काढल्या. पायरीवर जागा नव्हती म्हणून ते खाली जमिनीवरच टेकले, गुडघे सांभाळत. बाळ थांबलं होतं. नयन पान निवडत होती. एक उचलून तिने पाहिलं, त्याला भोक होतं, ते टाकून दिलं, आणि दुसरं शोधायला लागली.